उजव्या दारातला आवाज

गाडीतला आवाज सगळाच्या सगळा बदलून टाकायचा, हे दिपमालाने आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी ठरवलं आणि एकदा ठरवल्यावर कुणाला विचारलं नाही. गाडी तिच्या वडिलांची, नानांची. नाना जाऊन आठ महिने झाले होते.

दर दुसऱ्या शनिवारी ती त्याच गाडीनं धुळ्याहून जळगावला मायला भेटायला येई. पारोळा, एरंडोल, पाळधी, की आलंच जळगाव. नानांनी गाडीत जे जिथे ठेवलं होतं ते तिथेच होतं. पुढच्या कप्प्यात बडीशेपेची डबी, पाटबंधारे खात्याची एक जुनी डायरी, भजनांचा पेनड्राइव्ह. सीट तेवढी तिनं पुढे ओढून घेतली होती, कारण नाना उंच होते आणि ती नव्हती.

भजनं फक्त उजव्या दारातून येत. डावी बाजू अगदी मुकी. आणि उजवीकडून जे येई त्यात टाळ कानाला टोचत, पखवाज तर कुणी रिकाम्या डब्यावर बोटं वाजवावी तसा. "इकडचा आवाज बंद आहे का हो नाना?" असं तिनं एकदा विचारलं होतं. शेजारी बसून तिला दोनदा विचारावं लागलं होतं. मग नाना म्हणाले होते, "स्पीकर गेलाय. राहू दे." नानांनी राहू दे म्हटलं की घरात ती वस्तू राहत असे.

पण आवाज वाईट होता म्हणून ती तो बदलत नव्हती. त्या आवाजानं तिला एकदा उत्तर दिलं होतं, आणि दर खेपेला पारोळा मागे पडलं की ते उत्तर तिला पुन्हा ऐकू येई.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आखाजीच्या आदल्या दिवशी नाना तिला न्यायला धुळ्याला आले होते. लेक बेचाळीस वर्षांची, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, लग्न मोडून देवपुरात दहा वर्षं एकटी राहणारी. बसनं सहज आली असती. पण आखाजीला लेकीनं आपणहून यायचं नसतं, मुऱ्हाळी जाऊन तिला आणतो, हे नानांचं म्हणणं. तिचं सासर उरलं नव्हतं, तरी मुऱ्हाळी दरसाल येत होता.

त्या दिवशी पारोळा सुटल्यावर ती बोलायला लागली. पंधरा दिवस मनात घोळवलेलं बोलणं होतं. तिला एक मुलगी दत्तक घ्यायची होती. एकटीनं. नोंदणीचा अर्ज निम्मा भरून झाला होता. लोक काय म्हणतील ते तिला ठाऊक होतं, मुलगी आजारी पडली तर काय, आपल्यानंतर तिचं कोण, हे सगळं तिनं स्वतःला विचारून झालं होतं. आता फक्त नानांनी हो म्हणायला हवं होतं. नाहीच म्हटलं असतं तरी ती भांडली असती, भांडायची तयारी करूनच बसली होती.

तिनं तोंड उघडलं तसा नानांनी हात लांब करून भजनाचा आवाज कमी केला. त्यामुळे तिला धीर आला. त्यांच्याकडे बघितलं तर अडखळू, म्हणून समोरच्या रस्त्याकडे बघत ती एरंडोल जवळ येईपर्यंत बोलत राहिली. बोलणं संपलं. नानांनी केळीचा एक ट्रक ओलांडला, गाडी परत आपल्या बाजूला घेतली, आणि हात लांब करून भजन होतं तेवढं मोठं केलं.

झालं. एवढंच उत्तर.

घरी गेल्यावर नाना नेहमीसारखेच होते. आंब्याचा रस तिच्या वाटीत दोनदा वाढला. त्यांच्या वागण्यात तसूभर फरक नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. म्हणजे विषय त्यांच्या लेखी एवढाही नव्हता. धुळ्याला परत गेल्यावर तिनं तो अर्ज पुढे भरला नाही. पुढे दीड वर्ष त्या दोघांनी त्यावर एक शब्द काढला नाही. मग भाद्रपदात एका सकाळी नाना अंगणात बसल्याबसल्या गेले, आणि ते उत्तर तसंच राहिलं. त्याच्याशी भांडायला आता माणूस नव्हता.

योगेंद्रचं दुकान अजिंठा चौफुलीच्या अलीकडे होतं. बाहेर हिरव्या जाळीचा मांडव, त्याखाली एका वेळी दोन गाड्या. गाड्यांना नवीन आवाज बसवण्यात त्याचा हात धरणारा जळगावात नाही, असं दिपमालाच्या कॉलेजातल्या एकानं सांगितलं होतं. माणूस पंचेचाळिशीचा, चष्मा दोरीनं गळ्यात, बोलायला मोकळा. दिपमाला पोचली तेव्हा तो एका बोलेरोवाल्याला वाटेला लावत होता.

"योगेंद्रभाऊ, बफर अजून थोडा वाढवा ना. गाडी गावात शिरायच्या आधी गावाला कळलं पाहिजे."

"दीपकशेठ, याच्यावर वाढवला तर गाडीचे नट रस्त्यावर वेचत फिरशील. जा आता. मागच्या खेपेला काच कुणाची तडकली होती?"

"ती आधीच तडकलेली होती," बोलेरोवाला म्हणाला आणि धडधडत निघून गेला.

माय बरोबर होती. नानांच्या नावानं पाण्याची पहिली घागर या आखाजीला भरायची होती. इथलं आटोपलं की कुंभारवाड्यातून नवी घागर घ्यायची, म्हणून ती आली होती. योगेंद्रनं तिला कूलरसमोर खुर्ची दिली. माय पदर सावरून बसली आणि भिंतीवर टांगलेल्या स्पीकरांकडे पाहू लागली.

"इतला डबा कसाले लागतस व माय?" तिनं विचारलं.

"आजी, आमचं पोट आहे ते," योगेंद्र म्हणाला. मग दिपमालाकडे वळून, "ताई, फोनवर बोललो तसंच ना? पुढच्या दारात खाली मोठा आणि वर आरशापाशी छोटा, तो बारीक आवाजाचा. मागच्या दारांत एकेक. सीटखाली एक अ‍ॅम्प. आणि दारांना आतून डॅम्पिंग. कंपनी दार म्हणून देते तो आतून पोकळ पत्रा असतो. त्यावर कागदी स्पीकर. मग काय वाजणार. आतून जाड पट्टी चिकटवली की तेच दार पेटीसारखं बोलतं."

"हो. आणि स्टिरिओही बदला."

"स्टिरिओ चांगलाय हो हा. उगाच कशाला?"

"सगळंच बदला. जुनं काही ठेवू नका."

योगेंद्रनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "बदलतो. पण माझी एक पद्धत आहे, सांगून ठेवतो. कंपनीची एकही वायर मी कापत नाही. कपलरला कपलर जोडतो. उद्या मन फिरलं तर जुनं आहे तसं परत बसतं."

"मन नाही फिरणार. काढलेलं तुमच्याकडेच ठेवा."

"लोक भांडून नेतात जुनं," तो म्हणाला.

कामाला हात लावण्याआधी तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, दारं बंद करून घेतली आणि आहे तो आवाज दोन मिनिटं ऐकला. बाहेर येऊन त्यानं तोंड वाकडं केलं. "डावीकडचे दोन्ही गेलेत म्हणता?"

"वडील म्हणायचे."

"बरं. कसेही असले तरी दार उघडायचंच आहे."

त्यानं पुढच्या डाव्या दाराचं आतलं कव्हर हलकेच ओढून काढलं. क्लिपा पटापट सुटल्या. आत धूळ, एक वाळलेलं पान, आणि मधोमध काळा स्पीकर. चार स्क्रू काढून त्यानं तो हातात घेतला, उलटा केला, आणि बाजूला टाकण्याआधी खिशातून घड्याळाचा साधा सेल काढून त्याच्या दोन टोकांना टेकवला.

टक्, असा आवाज आला. कागद बाहेर उचलला जाऊन परत बसला.

योगेंद्रनं पुन्हा टेकवला. पुन्हा टक्.

"हा तर जिवंत आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "वायरला काही झालं असेल." त्यानं वायर दुसऱ्या टोकापर्यंत तपासली. वायरलाही काही झालं नव्हतं. मग तो परत आत जाऊन बसला आणि स्टिरिओची बटणं दाबत एकेक पान बघू लागला. एका ठिकाणी त्याचा हात थांबला. त्यानं गोल बटण डावीकडे फिरवलं, बरंच फिरवलं, आणि मागच्या डाव्या दारातून एकाएकी टाळ-पखवाज ऐकू आले.

माय खुर्चीत सरळ झाली.

योगेंद्र गाडीतून उतरला. "ताई, स्पीकर एकही गेलेला नाही. बॅलन्स, म्हणजे आवाजाची डावी-उजवी वाटणी, उजवीकडे टोकाला नेऊन ठेवला होता. ट्रेबल चढेल तेवढा चढवलेला. बास शून्य. हे चुकून होत नाही. हे कुणीतरी बसून, ऐकून ऐकून लावलंय." त्यानं ड्रायव्हरच्या सीटकडे पाहिलं. "गाडी कोण चालवायचं?"

"वडीलच."

"त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं का?"

"नाही," दिपमाला म्हणाली. "नाही हो. फोनवर तर चांगलं..."

"कमी नही," माय बोलली. "बंदच. डावा कान त्यासना गयेल व्हता."

कूलरचा पंखा फिरत होता. दिपमालानं मायकडे पाहिलं. माय मागच्या दाराकडे पाहत होती, जिथून भजन येत होतं.

"मी चहा सांगून येतो," योगेंद्र म्हणाला. स्टिरिओ बंद करून, किल्ली दिपमालाच्या हाती देऊन तो रस्ता ओलांडून गेला.

दिपमाला मायसमोर एका उलट्या खोक्यावर बसली. घरात त्या दोघी खानदेशीच बोलत. "कधीपाईन?"

"तीन वरीस व्हयनात व्हतात. सर्दी झायी, ताप उना, आनि एक दिन सकायले उठनात तं कान बंद. डॉक्टर म्हने, उशीर व्हयी गया."

"माले का सांगं नही?"

"माले आन घाली व्हती. म्हनेत, पोरगीले कळनं तं मन्ही गाडी बंद करी टाकी. लायसनना टाइम जवळ उना व्हता. सत्तरना माणूस, एक कान बंद, कोन देई लायसन?" माय पदरानं मान पुसू लागली. "गाडीशिवाय ऱ्हावाले त्यासले जमतं का? सरकारी जीपमा जलम गया, आपली गाडी म्हातारपने उनी."

दिपमालाला एकेक दिसायला लागलं. जेवताना नाना भिंतीकडे डावा खांदा करून बसत. फोन नेहमी उजव्या कानाला. लग्नकार्यात कुणी बाजूनं हाक मारली तर मान नाही, सगळं अंग फिरवत. माय गाडीत नेहमी मागे, नानांच्या पाठीशी बसे. दिपमालाला वाटे, मायला मागे पाय मोकळे करता येतात म्हणून. हे सगळं तिनं पाहिलं होतं. म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. जन्मभर पानांच्या शिरा मोजणाऱ्या बाईनं बापाची मान कुठे वळते ते पाहिलं नव्हतं.

"मंग मी शेजारी बशीसन बोलू, ते?"

"काय ऐकू येई? गाडीना आवाज, ए.सी.ना आवाज. तरी त्यासनी डावीकडलं गानं बंद करी टाकं. म्हनेत, गानं तिकडनं आलं नही तं कोनी बोलनं जराक तरी समजी. काय समजस? गयेल कान तो गयेल." मग म्हणाली, "दोन वरीसपहिले तुले आखाजीले लयनात ना. त्या रातले माले इचारं त्यासनी. म्हनेत, दीपा गाडीमा काय बोलनी व? भलती बोलनी ती."

दिपमालानं हातातली किल्ली मांडीवर ठेवली.

"मी म्हनं, मी नव्हती गाडीमा. तिलेच इचारा. तं म्हनेत, इतलं बोलनी. लगन मोडनं तवयपाईन इतलं कधी बोलनी नही. आते परत बोल कसं म्हनू? पोरगी म्हनी, बापनी ऐकंच नही." माय अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दुसरा दिन सकायले दोनदा तुन्हा खोलीपर्यंत जाईसन उनात. तू तपासाना पेपर लई बसेल व्हती."

"आनि गानं?"

"कोनतं गानं?"

"मी बोलनू तवर त्यासनी गानं हळू करं व्हतं. मंग मोठं करं."

"तुन्हं तोंड हाले तवर थांबनात व्हतीन," माय म्हणाली. "तू थांबनी म्हनीसन वाढाडं व्हई. दुसरं काय?"

दुसरं काय. दिपमाला उठली आणि मांडवाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. चौफुलीवर उन्हात ट्रक एकामागून एक वळत होते. दोन वर्षं तिनं त्या हाताला किती अर्थ लावले होते. नकार, राग, तुच्छता, भीती, लोकलज्जा. एकदा तर, सहन न होऊन, ममतासुद्धा. आणि तो हात फक्त लेकीचं बोलणं संपल्याचं पाहून परत भजनाकडे गेला होता. त्यात नकार नव्हता. होकारही नव्हता, हे तिला लगेच कळलं. नानांनी काहीच म्हटलं नव्हतं. अर्ज बंद केला तो तिनं केला होता.

योगेंद्र चहाचे तीन कागदी कप घेऊन आला. एक मायला दिला, एक तिला.

"ताई, खरं सांगतो," तो म्हणाला, "चारही स्पीकर चालू आहेत. बदलायलाच पाहिजेत असं नाही. माल मी परत मांडणीवर ठेवतो, माझं काही बिघडत नाही. आणि अजून एक. बसवायचे असले तर बॅटरीचं टर्मिनल काढावं लागेल. काढलं की यांनी लावलेलं सेटिंग पुसलं जाईल. मी लिहून घेतलंय." त्यानं चिकटपट्टीचा एक तुकडा दाखवला. त्यावर पेनानं लिहिलं होतं: बॅलन्स उजवीकडे नऊ, ट्रेबल सहा, बास शून्य. "म्हणाल तर पुन्हा तसंच करून देईन."

दिपमालानं ती पट्टी वाचली. तीन आकडे. नानांनी हे कुठे बसून लावलं असेल, अंगणात की पाळधीच्या पुढे रस्त्याच्या कडेला, किती वेळ लागला असेल, हे आता कळायला मार्ग नव्हता.

"तसं नको," ती म्हणाली. "तसं फक्त त्यांनाच ऐकू यायचं. स्टिरिओ राहू द्या, बाकी ठरलं तसं बसवा. माय मागे बसते, तिला मागे नीट ऐकू आलं पाहिजे."

"मग काढू टर्मिनल?"

"काढा."

योगेंद्रनं बॉनेट उघडलं. पाना दोनदा फिरला, आणि स्टिरिओवरचा छोटा दिवा गेला.

माय चहा फुंकत होती. कप निम्मा झाल्यावर म्हणाली, "मंग काय बोलनी व्हती तू?"

दिपमाला परत खोक्यावर बसली. एवढ्या दिवसांत हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नानांना सांगितलं, आता पुन्हा कुणाला, असं धरून बसली होती. "माले एक पोरगी दत्तक लेवानी व्हती माय."

"कोनी पोरगी?"

"कोनीच नही. म्हंजे जिले कोनी नही ती."

आत योगेंद्रनं दुसऱ्या दाराचं कव्हर काढलं, क्लिपांचा आवाज आला.

"नाना काय म्हनतात?" दिपमालानं विचारलं. "ऐकू उनं असतं तं?"

"पहिले नही म्हनतात," माय म्हणाली. "तुले बी.एस्सी.ले धुयाले धाडानं व्हतं तवय नही म्हनेत. दोन दिन आपलाशी बोलनात नहीत. तिसरा दिन सोता जाईसन फी भरी उनात." तिनं कप खाली ठेवला. "पन हाई मी सांगस. त्या काय म्हनतात, ते त्यासलेच ठाऊक. तू त्यासनं नाव कसाले लेस? तुले लेवानी शे का नही, ते सांग."

हे दिपमालाला कुणी विचारलं नव्हतं. निम्म्या भरलेल्या अर्जातसुद्धा हा प्रश्न इतका उघडा नव्हता.

"आते वय वाढी गयं मन्हं. तान्ही मिळाव नही. चार-पाच वरीसनी मिळी, तीबी वाट पाहीसन."

"मी हाई इचारं नही."

"लेवानी शे," दिपमाला म्हणाली.

"मंग बठ्ठं सांग. पहिलेपाईन."

दिपमालानं खोकं थोडं जवळ ओढलं. नानांना सांगितलं होतं त्याच क्रमानं सांगायला सुरुवात केली, कारण दुसरा क्रम तिच्याजवळ नव्हता. पण तेव्हाचं बोलणं कसं सलग होतं, एका शहराच्या वेशीपासून दुसऱ्याच्या वेशीपर्यंत; आज ते चार वाक्यंही धड जाईना. माय मध्येच म्हणे, "थांब. तपासाले मानसं येतस, म्हंजे घर पाहतस का तुले पाहतस?" ते सांगून होतं तोवर, "आनि पोरगी रडनी, परत जावानं म्हने, तं?" योगेंद्र दाराला आतून पट्टी चिकटवत होता, लाकडी रूळ फिरवून हवा काढत होता, आणि कान इकडे नाही असं दाखवत होता. दिपमाला धागा पकडून पुन्हा बोलायला लागली. आता नर्सरीचं, शाळेचं सांगणं आलं होतं.

"थांब," माय म्हणाली. "तू कॉलेजमा जाशी, तवय ती कोनाजवळ ऱ्हाई?"

"तेच सांगस ना माय. ऐक तं."